पावडर लावलेलं इंजिन

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलंच नाही. आमच्या धरणग्रस्तांच्या संघटनेची जुनी जीप बिघडली की मी त्यांच्याकडे जातो, एवढीच ओळख.

परवा तावातावानं गेलो. इंजिनखाली तेल गळत होतं आणि एका मोठ्या गॅरेजवाल्यानं अख्खं इंजिन उतरवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी शाहूवाडीहून धरणात जमीन गेलेल्या म्हाताऱ्यांना सुनावणीला आणायचं होतं.

"लुटारू आहेत ते! मी पत्रकच काढतो," मी म्हणालो.

"पावणं, आधी बसा की."

त्यांनी इंजिन धुतलं, हवा मारून वाळवलं आणि तान्ह्या बाळाला लावावी तशी त्यावर पावडर लावली. मग जीप चालू करून स्टुलावर बसले. नजर इंजिनवर. इंजिन एका लयीत घुमत होतं, पावडरीचा धूसर ढग उन्हात तरंगत होता आणि माझा राग पेंगायला लागला. बऱ्याच वेळानं वरच्या झाकणाच्या कडेला एक काळी रेघ उमटली आणि सावकाश खाली निघाली.

"झाकणाचं पॅकिंग गेलंय. खालनं बघितलं की इंजिनच गेल्यागत वाटतंय. संध्याकाळी गाडी न्या."

"म्हणजे चोरच की ते!"

"चोर हाय का घाईचा हाय, ते मला न्हाय दिसलं. मला तेल दिसलं."

म्हातारी माणसं सुनावणीला वेळेवर पोचली. त्या रात्री मी पत्रक लिहायला बसलो. 'लुटारू' लिहिलं आणि थांबलो. मी स्वतःच्या डोळ्यांनी एक काळी रेघ तेवढी पाहिली होती.