स्क्रीनमधली बाई

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढंच गाळते आणि बाकीचं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कॅमेऱ्यापासून सुरू करते, ते सोपं आहे. देवबागला आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. सुहास, माझा नवरा, बोटीवर नोकरीला असतो. वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. एका सुट्टीत येताना त्याने कॅमेरा आणला. "व्हिडिओ टाक, गिरायक येतला," म्हणाला. फार भारीतला नव्हता, अगदी साधाही नव्हता — व्लॉग करणाऱ्यांसाठीच काढलेला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर केसाळ टोपी. आणि बाजूला उघडणारा छोटा स्क्रीन. तो फिरवून समोरच्याकडे करता येतो, म्हणजे बोलणाऱ्याला आपण कसे दिसतोय ते दिसतं. तो स्क्रीन लक्षात ठेवा.

माझ्या सासूबाई — मी त्यांना आईच म्हणायची — बांगड्याचं तिखलं असं करायच्या, की पाहुणे तेवढ्यासाठी परत यायचे. पहिला व्हिडिओ त्याचाच. कॅमेरा ओट्यासमोर लावला, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. आईंनी त्यात पाहिलं, थबकल्या आणि मला म्हणाल्या, "ही कोण गो? उभी कित्याक? बसाक सांग तिका."

मी हसले. मला मस्करी वाटली. व्हिडिओ टाकला आणि लोकांना आई फार आवडल्या.

दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळी मला कळलेलं होतं. गॅस चालू ठेवून त्या अंगणात जाऊन बसायच्या. मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. कपाटाच्या आरशासमोरून जाताना पदर सावरून बाजूला व्हायच्या, कोणाला तरी वाट दिल्यासारख्या. हे सगळं मी बघत होते — आणि डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते.

स्क्रीन मिटलेला असला की आई मुकाट्याने रांधायच्या. त्यांच्याकडे फिरवला की त्या बाईशी बोलायला लागायच्या. कुठली तू, मुलं किती, जेवलंस काय नाय गो? तिच्यासाठी ताटलीत एक तुकडी काढून ठेवायच्या. कॅमेरा त्यांचा चेहरा क्षणात ओळखायचा, त्यावर बारीक चौकट यायची. आईंना तो ओळखता येत नव्हता. आणि मी? मी बाजूने डोकावून चौकट नीट बसलीय ना, तेवढं बघत होते.

पैशासाठी केलं का? खोल्या भरत होत्या, हे खरं. पण त्याहून — लोक मला ओळखू लागले होते. मालवणच्या बाजारात मासे घेताना बायका थांबवायच्या, आईंची चौकशी करायच्या, माझ्यासोबत फोटो काढायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आता ते सांगते. टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका दुपारी स्क्रीनकडे बघता बघता आई रडू लागल्या. माझ्याकडे वळल्या, हात जोडले. माझ्यापुढे, सुनेपुढे — हात जोडले आणि म्हणाल्या, "तिका घरात घे गो. म्हातारी ती. तिका कोण नाय." नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि शब्द त्यात बुडाले. मी गॅस बंद केला. त्यांच्याजवळ जायला दोन पावलं पुरली असती. मी कॅमेऱ्यामागेच उभी राहिले आणि म्हटलं, "आई, परत एकदा सांगा मां."

त्यांनी परत सांगितलं. तसेच हात जोडून, तितकंच रडून.

व्हिडिओ टाकताना माझा आवाज मी कापला.

सुहासने तो बोटीवर पाहिला आणि लगेच फोन केला. "आयेक काय झाला गो? मी येव काय घराक?" सांगितलं असतं तर पुढच्या बंदरात उतरून आला असता. तेव्हा आई त्याला ओळखत होत्या. फोनवर त्याचा आवाज ऐकला की "झिला", म्हणजे लेका, म्हणायच्या, त्याच्या लहानपणचं काहीबाही सांगत बसायच्या. पण तो आला असता तर कॅमेरा बंद झाला असता. मी म्हटलं, "काय झाला नाय रे. मस्करी करतत त्या कॅमेऱ्यासमोर." त्याला हायसं वाटलं. मलाही वाटलं.

तो आला तो बोटीवरची मुदत संपवूनच. आई पडवीत बसल्या होत्या. बॅग घेऊन पायरी चढणाऱ्या माणसाला बघून उठल्या, पदर सारखा केला. "या, बसा. खंयसून इल्यात? जेवाण तयार आसा." आमच्या पाहुण्यांना म्हणायच्या तसंच, अगदी मानाने. सुहास पायरीवरच खाली बसला. नंतर त्याने मला विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, अचानक झालं. त्याने ते खरं मानलं. आई शेवटपर्यंत त्याला "तुम्ही" म्हणत राहिल्या. झिला म्हणून हाक त्याला परत ऐकायला मिळाली नाही.

आता दर वर्षी आईंच्या तिथीला, पानं उचलली की सुहास तो व्हिडिओ लावतो. त्याच्या मते तो आईच्या शहाण्या दिवसांतला आहे. आई हात जोडतात, रडतात, त्या म्हातारीला घरात घे म्हणतात. सुहास डोळे पुसत हसतो आणि मला म्हणतो, "बघ, आयेन कसला नाटक केल्यान."

मी त्याच्या शेजारी बसलेली असते. मीही हसते.