घारी न खाणारा कडूनाना

सुरतेतल्या मिठाईच्या दुकानात कढईवर उभा राहणारा माणूस साखरेला विष म्हणू लागला, तर त्याचं डोकं तरी फिरलेलं असतं, नाही तर नोकरी तरी सुटायला आलेली असते. आमच्या नानाच्या बाबतीत लोकांना दोन्ही शंका येत. सकाळी मोहनथाळाचा पाक उतरवायचा, घारीचा मावा भाजायचा आणि मग हात धुऊन कडुनिंबाच्या पाल्याचा पेलाभर रस उभ्या उभ्या प्यायचा, असा त्याचा क्रम. पिताना तोंड वाकडं करायचं नाही हा त्याचा नियम होता. ते काम बघणाऱ्यांकडे असे. दुकानातल्या कुणीतरी त्याला कडूनाना म्हटलं आणि तेच नाव पडलं. खरं नाव विचाराल तर मलाही आठवायला वेळ लागेल.

नाना पारोळ्याकडचा. सत्तर सालच्या आसपास उधन्यात आम्ही जे खानदेशी राहत होतो, ते बहुतेक सगळे लूमवर, यंत्रमागाच्या खडखडाटात, कामाला होते. लूमवरचा माणूस लगेच ओळखू यायचा, कारण तो घरी बायकोशीही ओरडून बोलायचा. अशा वस्तीत नाना एकटाच सुरत शहरातल्या मोठ्या मिठाईच्या दुकानात कामाला होता. भांडी घासण्यापासून सुरुवात करून चौदा वर्षांनी तो मुख्य कढईवर पोचला, आणि तोही अशा दुकानात जिथे त्याच्याआधी सुरती कारागिराशिवाय कुणी झाऱ्याला हात लावला नव्हता. पुढे त्याने मला आपल्या हाताखाली मावा हलवायला लावून घेतलं. मी तेव्हा एका मुलाचा बाप होतो आणि लूममध्ये दोनदा बोट चिरून घेतलं होतं, एवढीच माझी पात्रता. वस्तीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला रंगउपवन आणि किल्ला दाखवायच्या आधी नाना दाखवला जाई.

घारी म्हणजे काय, हे सुरतेबाहेरच्यांना सांगायला हवं. माव्याचं, पिस्त्याचं सारण भरलेली पुरी तुपात तळतात आणि तेवढ्याने समाधान होत नाही म्हणून ती पुन्हा तुपातच बुडवतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो असतो. त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. जो खात नाही तो आजारी असतो किंवा बाहेरगावी गेलेला असतो. तिसरं कारण सुरतेत कुणी ऐकलेलं नव्हतं. ते नानाने शोधून काढलं.

झालं असं की एका दिवाळीनंतर नानाच्या मानेवर गळवं उठली. दिवसभर भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती यायचीच. पण त्याच आठवड्यात उधन्याच्या एका शाळेच्या पटांगणात निसर्गोपचारावर कुणा गृहस्थांचं व्याख्यान झालं. पांढरी साखर हे विष आहे, ते रक्तात साठतं, मानेतून बाहेर पडतं, असं त्यांनी हात उंचावून सांगितलं. मानेतून, हे ऐकल्यावर नाना पुढच्या रांगेत जाऊन बसला. निसर्गाकडे परत चला, असं दीड तास सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी शेवटी पिशवी उघडली, तर निसर्ग आतमध्ये बाटल्यांत भरून आणलेला होता. यीस्टच्या गोळ्या, हाडांसाठी चुना, शक्तीसाठी माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल. नाना तिन्ही घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून साखर बंद, गूळ बंद, चहा बंद. सकाळी निंबाचा रस, दुपारी उकडलेले मूग, संध्याकाळी ताक आणि मधूनमधून गोळ्या. रविवारी एरंडेल. आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडांना चार संडास होते. रविवारी सकाळी नाना टमरेल घेऊन निघाला की रांग न सांगता बाजूला होई. इतका मान आमच्या वस्तीत नगरसेवकालाही मिळत नसे. कुणी हसलं तर नाना शांतपणे विचारायचा, ‘‘कढई रोज घासस, पोट कव्हय घासस?’’ यावर हसणारा आपल्या कामाला लागे. कारण कढई खरोखरच रोज घासली जाई, आणि ती आमच्यापैकीच कुणीतरी घासत असे.

माझ्या मुलीच्या बारशाला त्याच्या हातावर पेढा ठेवला, तर त्याने तो कपाळाला लावला आणि माझ्या हातात परत दिला. माझी बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. पेढा त्यानेच केलेला होता, हे तिला सांगून उपयोग झाला नाही. नानालाही त्या अबोल्याचं काही वाटलं नाही. उलट आता ती चहाचा आग्रह करत नाही म्हणून तो आमच्याकडे जास्त येऊ लागला.

दुकानात मात्र पंचाईत झाली. सारण चाखल्याशिवाय साखर बरोबर पडली की नाही ते कळणार कसं? नाना मावा नाकाजवळ नेई, अंगठा आणि बोटात चोळून बघे आणि मग चिमूटभर माझ्या तोंडात घाली. ‘‘सांग.’’ मी सांगे, ‘‘जरा कमी.’’ तो साखर घाली. ‘‘आते सांग.’’ अशी अकरा महिने मी त्याची जीभ होतो. हाताला माझ्या कधी त्याच्यासारखी सफाई आली नाही, पण चाखण्यात मी तरबेज झालो. बिनपगारी बढती म्हणतात ती हीच.

कॅप्सूलची गोष्टही सांगितली पाहिजे. आमचे सेठ कांदा-लसूणही न खाणारे. नानाने मात्र ती बाटली भट्टीशेजारच्या कोनाड्यात, लक्ष्मीच्या तसबिरीखालीच ठेवलेली. एक दिवस सेठनी ती उचलली. ‘‘आ शुं छे?’’ नानाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘विटामिन छे, सेठ.’’ ‘‘शक्ति आवे?’’ ‘‘बहु आवे.’’ सेठनी दोन काढल्या आणि केशरी दुधाबरोबर गिळल्या. पुढे पंधरा दिवस ते येता-जाता कोनाड्यात हात घालत, आणि गुडघे हलके झाल्याचं गिऱ्हाइकांना सांगत. नाना मला म्हणे, ‘‘तू खोटं बोलना नही. नुसतं अर्धं बोलना.’’ उरलेलं अर्धं, म्हणजे मासा, आम्ही दोघांनी शेवटपर्यंत गिळून ठेवलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पावसाळ्यात नानाला नवीन शोध लागला, की पाकाची वाफ नाकातून आत जाते आणि वाफेबरोबर साखरही जाते. तो तोंडाला आणि नाकाला ओलं फडकं बांधून कढईवर उभा राहू लागला. आमची भट्टी दुकानाच्या दर्शनी बाजूला होती. ताजा माल डोळ्यांदेखत होतो, हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून सेठच्या वडिलांनी ती मुद्दाम तिथे बांधलेली. आता गिऱ्हाइकाला दिसू लागलं ते असं, की ज्या मिठाईचा पाव किलो आपण घरी नेतोय, ती करणारा माणूस नाक-तोंड बांधून ती करतोय. त्यात एका बाईंनी सहज विचारलं की घारी कशी झाली आहे, आणि नानाने फडकं खाली करून प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘खबर नथी, बेन. हुं तो खातो नथी.’’

आठ दिवसांत पेठेत बोललं जाऊ लागलं: ‘‘कारीगर पोते नथी खातो, तो आपणे शुं काम खाईए?’’ करणारा स्वतःच खात नाही म्हणजे तुपात काहीतरी आहे, माव्यात काहीतरी आहे, नाही तर इतकी वर्षं तिथे असलेला माणूस एकाएकी खायचा बंद का होईल? सुरती माणसाला तुम्ही हवं ते पटवू शकता, पण समोरची मिठाई एखाद्याने आपणहून सोडली, हे पटवू शकत नाही. चांदनी पडव्याची आगाऊ मागणी येईना. पलीकडच्या दुकानापुढे रांग लागली. सेठनी नानाला गादीजवळ बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर एक घारी खायला सांगितलं. नाना मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा सेठ म्हणाले, ‘‘कां तो घारी खा, कां तो कढई छोड.’’

त्या संध्याकाळी नानाच्या खोलीत वस्तीतली झाडून सगळी शहाणी माणसं जमली. पारोळ्याकडे बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई त्याच्या मनीऑर्डरीवर जगतात, याची आठवण त्याला करून देण्यात आली, जणू ते तो विसरला होता. कढई गेली तर आपल्या माणसाला पुन्हा कुणी कढई देणार नाही, असं एक जण म्हणाला. एका घारीने काय होतं, असं सगळेच म्हणाले. सगळ्यात जास्त मी म्हणालो. ‘‘खाई ले ना, नाना. एकच तं शे.’’

नाना यीस्टची बाटली हातात फिरवत बसला होता. मग म्हणाला, ‘‘बापनी सांगं, सुरत जाय. मी उनू. सेठनी सांगं, भांडा घास. घास्यात. कढईवर उभा ऱ्हाय. ऱ्हायनू. बठ्ठा माले सांगतस. काय खावानं नही, इतलंच मना हातमा शे.’’

मला त्या क्षणी तो बोलला ते कळलं होतं, हे मी कबूल करतो. गळवं, साखर, रक्त हे सगळं केव्हाच मागे पडलं होतं. गळवं तर दुसऱ्याच महिन्यात बसली होती. आजवर सगळे त्याला सांगत आले होते; जन्मात पहिल्यांदा या माणसाने एखादी गोष्ट स्वतः ठरवली होती आणि ती अकरा महिने निभावली होती. हे कळूनही मी पुन्हा म्हणालो, ‘‘एकच तं शे.’’ त्याची कढई गेली तर त्याचा हाताखालचा माणूस कुठे राहतो, याचा हिशेब माझ्या डोक्यात होता. नानाच्या काळजीच्या नावाखाली मी माझीच काळजी करत होतो, आणि याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी. घारी घ्यायला कमी आणि बघायला जास्त. सेठनी मला खुणावलं. मी द्रोणात एक घारी ठेवली, वरचं तूप चांगलं गोठलेली, आणि ती नानापुढे धरली. त्याने आधी तोंडाचं फडकं सोडलं, घडी करून खांद्यावर टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं. घारी उचलली आणि घाई न करता, चावून चावून सगळी खाल्ली. बोटाला लागलेला कणही सोडला नाही. सेठनी मोठ्याने विचारलं, ‘‘केवी छे?’’ नाना म्हणाला, ‘‘सारी छे.’’ चांगली आहे, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपार व्हायच्या आत परात रिकामी झाली.

अकरा महिने मूग-ताकावर असलेल्या पोटाने तुपाचा तो गोळा ठेवून घेतला नाही. नाना मागच्या मोरीवर ओकत होता आणि मी त्याची पाठ चोळत होतो. तेवढ्यात सेठ खुशीत आत आले. त्यांना आणखी एक कल्पना सुचली होती. ‘‘हवे दर वरसे पहेली घारी नाना खाशे! बहार खुरशी मूकीशुं.’’ बाहेर खुर्ची मांडायची, हार घालायचा, आणि नानाने लोकांदेखत खायचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कारागिराचा सन्मानच करत होते ते. नानाने चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘‘हुं बनावनार छुं, सेठ. खानार नथी.’’ सेठ हसले. त्यांना ती गंमत वाटली.

सण उलटल्यावर चौथ्या दिवशी नाना भुसावळच्या गाडीत बसला. मी पोचवायला गेलो होतो. झारे त्याने आदल्या दिवशी राखेने घासून, पुसून जागेवर टांगले होते. पारोळ्याला काय करणार, असं विचारलं, तर म्हणाला, बघू. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि तिथे कडुनिंबाचा पाला मिळेल ना, असं काहीतरी बोललो. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, ‘‘तुनावर माले राग नही.’’ राग आहे म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पुढे त्याने गावी भज्यांची गाडी टाकली, असं ऐकलं. बरी चालली म्हणे. मी भेटायला गेलो नाही.

कढई अर्थातच मला मिळाली. पुढच्या चांदनी पडव्याला सेठनी ठरल्याप्रमाणे बाहेर खुर्ची मांडली. मी बसलो. हार घालून घेतला. एकवीस वर्षं मी गिऱ्हाइकांसमोर पहिली घारी खाल्ली, आणि ‘‘केवी छे?’’ विचारलं की ‘‘सारी छे’’ म्हणालो. लोक म्हणत, याला बघा, किती आवडीने खातो. मला गोड लहानपणापासून आवडत नाही. हे मी सेठना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही; रोज माझ्या तोंडात चिमूट घालून ‘सांग’ म्हणणाऱ्या नानालाही कधी सांगितलं नाही.