त्या उतारावरचा बर्फ

"आज वरलं कसंय, म्याडम?" असं विचारत ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे. 'वरलं' म्हणजे हिमालय. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते, ते फाटकावर पहारेकरी होते. गाव बेंबळी, उमेदीची वर्षं फौजेत गेलेली.

उपग्रहाच्या चित्रांवरून बर्फ कुठं, किती हे ओळखायला मी मुलांना शिकवते. वरून पाहिलं तर ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. संगणकात रंग चढवले की बर्फ तेवढा निळा होतो. हा बदल ते टक लावून बघत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, एकाच गोष्टीनं कायमची दुखावलेली. गॅदरिंगला मुलं आग्रहानं बर्फाचा गोळा आणायची. "बर्फाचं कायबी नगं," म्हणून ते चहा मागवायचे, भर उन्हात. गारा पडल्या की मुलं बर्फ-बर्फ ओरडत पळायची. ते म्हणत, "ह्या गारा हायती. बर्फ लई गप्प आसतो."

एकदा त्यांनी पडद्यावरच्या एका उतारावर बोट ठेवलं. "हितं आमचा दोस्त हाय."

फौजेत दोघं गस्तीवर असताना हिमकडा कोसळला होता. यांना उकरून काढलं, तेर गावचा हा दोस्त सापडलाच नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईनं दिवस घातले नव्हते. हे भेटायला गेले की ती विचारायची, "बर्फ उतरला का रं?"

मग एका उन्हाळ्यात तो उतार चित्रात उघडा पडला. निळ्याच्या जागी तपकिरी पट्टा. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्या एका ठिपक्यात किती जागा मावती?"

"या खोलीपेक्षा जास्तच."

"मंग माणूस न्हाय दिसायचा."

त्यांनी जुन्या पलटणीत फोन केला. जवान वर जाऊन शोधून आले. काहीच मिळालं नाही.

तेरला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. एसटीत म्हणाले, "बर्फ हायच म्हणून सांगतो. तिची आस तरी ऱ्हाईल." पण म्हातारीसमोर बसले आणि त्यांना खोटं बोलवेना.

"मावशी, बर्फ उतरला. पर त्यो न्हाय घावला."

म्हातारीनं विचारलं, "आता ऊन लागत आसंल तितं?"

"व्हय. लागतंय."

"बरं झालं. थंडी सोसायची न्हाय त्याला."

पुढच्याच आठवड्यात तिनं मुलाचे दिवस घातले. विधीला वारसाच्या जागी बसून यांनी केस उतरवले. त्यानंतर ते प्रयोगशाळेत कधी आले नाहीत, आणि वर्षभरात वारलेही. मला ते अजून दिसतात, त्या दिवशी तेरणा नदीत, गुडघाभर पाण्यात. दोस्ताचं नाव मोठ्यानं घेऊन ओंजळीतलं पाणी सोडताना.