ट्रक नको, पाटी

"माजा नाणा करूचा आसा. गाडी घेवन ये," गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमोण्याहून मावशीचा फोन आला आणि मी रजा टाकली.

कोल्हापूरहून सहाला निघालात तर आंबोलीत नाश्ता उरकून, बांदा-दोडामार्गावरून दुपारपर्यंत डिचोली. बाजारात काम असेल तर मात्र पाय उचला. एकला पडलेली शटरं चारलाच उघडतात आणि तक्रार केलीत तर लोक तुमचीच कीव करतात. पूर्वी या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमागे तासन्‌तास अडकायचो. आता रस्ता मोकळा होता.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी इथल्या एका खाणमालकाने कामगारांना आठवण म्हणून सोन्याचं नाणं दिलं होतं. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला मालकाचं नाव. पण ते फक्त पुरुषांना! डोक्यावरून पाट्या वाहून तेच ट्रक भरणाऱ्या बायकांना स्टीलचा डबा, झाकणावर 'सप्रेम भेट'. त्यांत मावशी होती, लग्नाआधीची माझी आईही होती. खनिज बोटीने परदेशी गेलं, तालुक्यात पैसा खेळला, कौलारू घरांवर स्लॅब पडले आणि नाण्यावर मिरवला तो ट्रक. माझं अजून डोकं फिरतं. पुढे खाणी थंडावल्या तशी पुरुषांची नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंडे-पातळभाजी खाऊन आम्ही त्याच सोनाराकडे गेलो. मावशीने पाटीच्या मजुरीतून केलेली बांगडी काढून ठेवली.

"जुनो ट्रकाचो छाप आसा, तोच मारूया," सोनार म्हणाला.

"ट्रक आपसूक भरलो? पाटी काड."

"एका नाण्याक नवो छाप? खर्च वाया वतलो, मावशे."

"वाया कसो? सांबाळून दवर. आनी बायलो येतल्यो."

"बरां. मागल्यान नाव कोणाचा?"

"माजा. पुरा."

काम व्हायला दोन दिवस लागणार होते, म्हणून पेडण्याकडे फिरून आलो. किनारा झकास, कढीही झकास, पण मावशीचं सगळं लक्ष डिचोलीत होतं. नाणं हातात आल्यावर तिने पाटीच्या काठावरून नख फिरवलं आणि ते साखळीत अडकवून सरळ गळ्यात घातलं. चारचौघांत, भर बाजारात.

घरी येऊन आईला फोटो दाखवला. ती स्वयंपाकघरात गेली, चिंचेचा डबा रिकामा केला, झाकण पुसून ते अक्षर न्‌ अक्षर वाचलं. मग हातातली सोन्याची बांगडी साबण लावून काढली.

"सोनाराक फोन लाव," आई म्हणाली. कोल्हापुरात इतकी वर्षं काढल्यावर ती पहिल्यांदाच माझ्याशी माहेरच्या बोलीत बोलत होती. "म्हण, छाप तयार दवर."