शनिवारचं दुखणं

आलापल्लीच्या लाकूड डेपोत मला कंत्राटी नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. काम एवढंच, की सागाच्या ओंडक्यांची मापं रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढवायची. अकराला सुरू केलं की साडेबाराला आटपायचं. उरलेला दिवस मी टेबलाच्या खणात विमानाच्या पॅनेलचं चित्र उघडं ठेवून, कोणत्या काट्यावरून नजर कुठे न्यायची ते घोकत बसायचे.

दर शनिवारी चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर माझं वैमानिकाचं शिक्षण चाले. विमान उडवता येत होतं. आता बाहेर न बघता, नुसत्या काट्यांवर उडवायला शिकत होते. कपाळावर झापड लावली की खिडकी दिसेनाशी होते, समोर फक्त तबकड्या. विमान सरळ चाललंय असं अंग छातीठोकपणे सांगतं आणि काटा म्हणतो, डावीकडे कललंय. ऐकायचं काट्याचं. मला ते जमत नव्हतं, म्हणून एकही शनिवार बुडवायचा नव्हता.

पण शनिवारी डेपो चालू. खरं सांगितलं असतं, तर ही आज ना उद्या जाणारच म्हणून साहेबांनी कंत्राट वाढवलं नसतं. मी सांगितलं, आईला पोटाचा जुना आजार आहे, शनिवारी चंद्रपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. आई ठणठणीत होती, दोन जिने चढून गच्चीवर मिरच्या वाळवत होती.

साहेबांनी नुसती मान हलवली. मनावर घेतलं ते ऑफिस झाडणाऱ्या बाईंनी. त्या जवळच्याच जंगलातल्या गावच्या. दर सोमवारी विचारायच्या, "माय कशी हाय?" मी "जरा बरी" म्हणायचे आणि कॉम्प्युटरकडे बघायचे. एकदा त्यांनी फडक्यात बांधून कसलीशी मुळी आणली. तीही मी घेतली, इतकी मी निर्लज्ज.

परीक्षेच्या उड्डाणात मी पहिल्याच वेळी पास झाले. सोमवारी मी खुशीत बाईंना सांगितलं, "आई बरी झाली. आता न्यावं लागणार नाही."

बाईंनी हात जोडले. "मंग बुधवारी देवाले कोंबडा द्याचा हाय. तुह्या मायसाठी नवस बोलली होती मी. घरी एकच हाय, तोच. तूबी ये."

आता मात्र मला राहवेना. विमानासकट सगळं सांगून टाकलं. शिव्या देतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे माय कधी बिमारच नोती?"

"नव्हती."

बाई झाडू धरून तशाच उभ्या. "मी त् साऱ्या गावासमोर देवाले तिचं दुखणं सांगितलं ना, पोरी. खोटी त् मी पडली."

मी म्हणाले, "मग कोंबडा देऊ नका, बाई."

"काऊन? बोललेला नवस हाय, द्याच लागते." त्या पुन्हा झाडायला लागल्या. दारापर्यंत झाडत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "पन तू नोको येऊ."