गणपतरावांचं मनगट

शामलाबाईंच्या साठीला दोन वर्षं कमी आहेत. मोहननगरात दोन खोल्यांत त्या एकट्याच राहतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी सोनिका जबलपूरला सासरी. पूर्वी त्या एका खासगी दवाखान्यात आया होत्या. गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा तिथले जिने चढणं जमेना, म्हणून लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरलं. गेलं दीड वर्ष त्या सक्करदऱ्याला गणपतरावांकडे जातात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

गणपतराव चौऱ्याऐंशी वर्षांचे, खाप्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. लकव्यानं उजवी बाजू गेली. बोलणं अर्धं तुटलं, शिव्या मात्र पूर्ण उमटतात. मुलगा धम्मानंद सरकारी कचेरीत आणि सून लतिका कॉलेजात शिकवायला. दोघंही साडेनवाला बाहेर पडतात. मग दिवसभर त्या घरात म्हातारा आणि शामलाबाई.

मार्चमधल्या एका रविवारी, उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत महिला मंडळाची सभा होती. विषय होता सुभक्ती, म्हणजे देवाला धरून वागणं, आणि बोलायचं होतं शामलाबाईंनी. त्या म्हणाल्या, "इथं डोळे मिटून बसणं सोपं आहे. आपल्याले कोणी पाहून नाही राहिलं तवा आपण कसे वागतो, तिथं खरं समजते." बायकांना बोलणं पटलं. मंडळाच्या चिटणीस मायाबाईंनी त्यांचा हात धरून म्हटलं, "किती खरं बोलली वं तू."

मायाबाईंना ठाऊक नव्हतं ते असं की गेल्या पाच-सहा महिन्यांत शामलाबाईंची सकाळची प्रार्थना नीट झालीच नव्हती. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून त्या खाटेवर बसून 'हे प्रभू' म्हणायच्या. पुढचा शब्द येईपर्यंत मान खाली पडायची, आणि जाग यायची ती बस चुकेल या धास्तीनं. आपण सभेत बोललो ते खोटं नव्हतं, पण आपलंही नव्हतं, असं त्यांना घरी जाताना वाटलं. विचार करायलाही अंगात त्राण नव्हतं. वरणभात खाऊन त्या झोपल्या.

मंगळवारी दुपारी ते झालं. सकाळपासून त्यांनी गणपतरावांना तीनदा पुसलं होतं, चादर दोनदा बदलली होती. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि बादली उचलून ते भरायला त्यांची कंबर तयार नव्हती. खिचडीचा तिसरा घास पुढे केला तसा गणपतरावांनी डाव्या हातानं वाटीला फटका मारला. गरम खिचडी शामलाबाईंच्या लुगड्यावर सांडली. त्या पुसायला वाकल्या तर ते त्यांच्या तोंडावर थुंकले.

शामलाबाईंनी तो हात मनगटाशी धरला आणि गादीवर दाबला. जोर लावून दाबला.

"मरत काहून नाही गा म्हाताऱ्या," त्या म्हणाल्या.

गणपतरावांच्या घशातून एक आवाज निघाला. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. शामलाबाईंनी ती पाहिली, आणि त्यानंतरही क्षणभर हात सोडला नाही. ही गोष्ट पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिली. मग सोडला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. त्यांनी फरशी पुसली, तोंड धुतलं.

साडेपाचला लतिका आली. सासऱ्यांचा सदरा बदलताना तिला मनगटावर निळा डाग दिसला.

"मावशी, हे काय झालं?" मग तिनंच म्हटलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू आहेत ना. त्यानं होत असेल."

"होते तसं," शामलाबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

घरी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर त्या 'हे प्रभू' इतकंही म्हणू शकल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. बसमध्ये बसल्या तोवर काहीच ठरलेलं नव्हतं. सक्करदऱ्याला उतरल्या, घरात शिरल्या. लतिका डबा भरत होती. ती निघून गेली की आजचा दिवस जाईल, मग उद्याचा, आणि डाग पिवळा पडून विरूनही जाईल, हे त्यांना कळत होतं.

"मॅडम, तो डाग गोळ्यांचा नाही. मी दाबला त्यांचा हात. मले राग आला होता. मरत काहून नाही, असंही म्हटलं."

लतिकाच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं.

"काल काहून नाही सांगितलं?"

"नाही सांगवलं."

लतिकानं आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला सांगितलं. धम्मानंद बाहेर आला. तो ओरडला नाही. "तुम्ही जा मावशी. येऊ नका," एवढंच म्हणाला.

चार दिवस शामलाबाई घरी होत्या. पहिले दोन दिवस नुसत्या झोपल्या. पाप कबूल केलं की मन हलकं होतं असं त्या आयुष्यभर ऐकत आल्या होत्या. हलकं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मायाबाई आल्या तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मायाबाई चहा ठेवायला उठल्या. उपदेश त्यांनी केला नाही, म्हणून शामलाबाईंना रडता आलं.

रविवारी दुपारी लतिकाचा फोन आला. दुसरी बाई मिळाली होती. ती दोन दिवसांत काम सोडून गेली. लतिका स्वतः रजा घेऊन घरी होती.

"आज माझाही हात उठला होता मावशी," ती म्हणाली. "तुम्ही या. पण खोलीत कॅमेरा लावला आहे. ह्यांनी लावला. चालेल?"

"चालते," शामलाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या आधी गणपतरावांच्या खाटेशी गेल्या. "मास्तर, माझ्याकडून चुकलं. मले माफ करा." गणपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एक शिवी दिली. मग त्या पाणी तापवायला गेल्या.

आता राग आला की त्या वाटी खाली ठेवतात, स्वयंपाकघरात जातात आणि ओट्याला धरून उभ्या राहतात. तिथं कॅमेरा नाही. कधी तिथं तोंडातून एखादी ओळ प्रार्थना निघते, बहुतेकदा नाहीच निघत. राग उतरला की परत येतात. त्या सोमवारी तीनदा जावं लागलं. खिचडी गार झाली होती, ती पुन्हा गरम करून भरवली. गणपतरावांनी अर्धी वाटी खाल्ली.

मंडळानं पुढच्या महिन्यात बोलायला सांगितलं तर त्या नको म्हणाल्या. "मी ऐकायले येते," म्हणाल्या. गेल्या रविवारी आल्याही होत्या, शेवटच्या बाकावर बसून त्यांचा डोळा लागला. मायाबाईंनी त्यांना उठवलं नाही.