आकारामाची कंबर

ऑपरेशनच्या खोलीत पेशंट उचलणारा आकाराम पलूसचा, तालमीतला गडी. सत्तेचाळीस साली सांगलीच्या आमच्या लहानशा इस्पितळात मी कंपाउंडर होतो. "तुमी बाजूला व्हा," आकाराम म्हणायचा आणि स्ट्रेचरवरचा माणूस एकट्याने उचलून टेबलावर ठेवायचा. नातेवाईक तोंडात बोट घालून बघायचे. चार लोक बघायला लागले की माणसाची अक्कल गहाण पडते, हे माझं जुनं मत आहे.

दिवाळीनंतर जतच्या एका धनगराला उचलताना आकारामाच्या कमरेत लचक भरली. तेव्हापासून तो सदऱ्याखाली पटका आवळून बांधायचा. हे आयाचं काम करणाऱ्या साळूबाईने लगेच हेरलं.

"आवं पैलवान, बसलेला बैल उठवायला चौघं लागत्यात. तुमी एकलं कशाला मरताय?"

"गप ऱ्हावा. डॉक्टरास्नी कळलं तर घरी बसवतील. गावाकडं गुंठाभर जमीन न्हाई. पोरं खातील काय?"

मीही ऐकलं आणि गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

आमचे डॉक्टर नारायणराव ताडमाड उंच, आणि टेबल आधीच्या बुटक्या डॉक्टरांच्या मापाचं. दोन-दोन तास वाकून ऑपरेशन करायचे आणि मग भिंतीला दोन्ही हात लावून डोळे मिटून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेताहेत.

एके सकाळी हंबीरराव दोन भावांबरोबर आले. अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं ऑपरेशन, आणि देह असा की स्ट्रेचर करकरत होतं. आकारामाने मांडीवर थाप मारली, वाकला, हंबीररावांना वीतभर उचललं आणि तिथेच आखडला. कसंबसं त्यांना खाली टेकवलं, पण स्वतःला सरळ होता येईना. डॉक्टर धावले. त्याला धरायला वाकले मात्र, "आई गं!" म्हणून तेही तसेच राहिले. त्यांच्या सदऱ्याखालून बायकोचं हिरव्या काठाचं जुनं लुगडं सुटून लोंबायला लागलं. कंबर बांधायला घेतलेलं असणार!

समोरासमोर दोघे वाकलेले. हंबीररावांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"आवं, मला पाय हायत की!" म्हणाले आणि स्वतःच टेबलावर चढून बसले.

चालता येणाऱ्याला चालू द्यावं, हे आमच्यापैकी एकालाही इतके दिवस सुचलं नव्हतं. पेशंट म्हणजे उचलायचाच, असा रिवाज पडला होता.

दोघांनीही तासभर शेक घेतला, मग डॉक्टर उभे राहिले. त्यांनी आधी टेबलाच्या पायांखाली सागवानी ठोकळे घालून घेतले. हंबीरराव उतरून टेबल उचलायला यायला लागले, तेव्हा साळूबाईने त्यांना असा दम भरला की ते मुकाट कोपऱ्यात बसले. टेबल उंच झालं, मी बुटका. मला उभं राहायला पाट दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच पाटाचा मान मिळाला.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर हात धूत होते, तेवढ्यात आकाराम इस्पितळाचा खाकी कोट घडी करून समोर आला.

"सायेब, माजी कंबर गेली. मी जातो."

"जातोस कुठे? तुला काढायचं तर आधी मला स्वतःला काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "कोट घाल. हंबीररावांना खाटेवर न्यायचंय. तू उचलायचं नाहीस. कुणी कुठे धरायचं ते सांगायचं आणि आकडा म्हणायचा."

हंबीरराव क्लोरोफॉर्मच्या गुंगीत घोरत होते. त्यांच्या अंगाखालच्या जाड चादरीची दोन टोकं त्यांच्या भावांनी धरली, एक मी, एक साळूबाईने. आकाराम डोक्याशी उभा राहिला. हात सवयीने पुढे गेले, ते त्याने मागे घेतले.

"गुडघ्यात वाका. कमरेत न्हाई," त्याने सांगितलं. "एक. दोन."

तीन काही तोंडातून निघेना. पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आम्ही चौघं गुडघे वाकवून तसेच थांबलेलो.

मग साळूबाईच हळू आवाजात "तीन" म्हणाली, आणि आम्ही उचललं.